तेलाचा ताप अन् पंख्यावर खापर

आजची नोंद लांबलचक आहे, दुपारच्या सावलीत निवांत बसून वाचा.

मे २०२४ चा शेवटचा आठवडा आठवते का? अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळं कलम १४४ लावलं होतं, तोच आठवडा. आमचं शेणखत भरायचं काम चालू होतं. छोटा ट्रॅक्टर, त्याला पुढून लोडर. सकाळी सातला लोडर भरलेली बकेट एका दमात ट्रॉलीच्या वर नेत होता. साडेदहाला तोच लोडर निम्म्या बकेटीला कण्हायला लागला, पंपाची बारीक शिट्टी सुरू झाली. अकराच्या सुमारास बकेट वर धरून मी सीटवरून उतरलो. भाचा ट्रॉलीतलं खत सरकवायला पुढं वाकला, अन् बकेट खाली यायला लागली. धाडकन नाही, सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी. लिव्हरला कोणाचाच हात नव्हता. भाच्याला मागून सदरा धरून ओढला. लागलं काहीच नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बकेट भरलेली वर ठेवून खाली उतरणं ही माझी चूक, ती आधीच कबूल करतो. पण बकेट आपोआप उतरली कशी? तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं होतं. वाल्व्हच्या आत स्पूल नावाचा जो दांडा सरकते, त्याच्या फटीतून पातळ तेल झिरपते अन् वर धरलेलं वजन हळूहळू बसते. तेल तापलं काहून? तर इंजिनच्या बाजूला तेलाचा कूलर बसवलेला, त्याच्यावरचा १२ व्होल्टचा पंखा बंद होता.

मिस्तरीला बोलावलं. त्यानं टेस्टर बल्बची क्लिप चेसीला लावली, टोक पंख्याच्या वायरला टेकवलं. बल्ब लागला.

"करंट येऊन रायला भाऊ. पंखाच गेला तुमचा."

"असा कसा गेला? दिवाळीत तर बसवला होता."

"उन्हाले काय दिवाळी समजते?"

नवा पंखा बसवला. फिरला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तीच शिट्टी. मग तेल बदललं, १६ लिटर. मग पंपाचे सील. वीस दिवस गेले, पैसे गेले ते सांगत नाही, पावसाच्या तोंडावर अर्धं खत उकिरड्यातच राहिलं. पाराजवळ बसलेले आमच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ हे सगळं रोज पाहायचे. त्यांनी एक दिवस विचारलं, "आमच्या मॅसीले तर असा पंखा नव्हता रे. वीस वर्सं चालवली. तुह्या एवढुश्याले काहून लागते?"

प्रश्न साधा होता अन् मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मागं जाऊन पाहिलं, हा पंखा आला कुठून.

आपल्या इकडच्या शेतकऱ्याची यंत्र थंड करण्याशी पहिली ओळख ट्रॅक्टरवर झाली नाही, विहिरीवर झाली. डिझेलचं ऑइल इंजिन, शेजारी पाण्याचा ड्रम. इंजिनातून गरम पाणी वरच्या नळीनं ड्रममध्ये जायचं, थंड पाणी खालून परत यायचं, ना पंप ना पंखा. गरम पाणी हलकं होऊन वर चढते, एवढ्यावर सगळा कारभार. काही ठिकाणी तर विहिरीचंच पाणी इंजिनातून फिरवून पाटात सोडायचे. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या लोकांना यातली मेख माहीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. ते पाणी इंजिनात फिरवलं की आतून पांढरा थर बसायचा अन् इंजिन तापायचं. खाऱ्या पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं माझ्या पंख्यात तीच निघणार आहे.

आता ट्रॅक्टरच्या तेलाकडं येऊ. मागं बसवलेलं औजार तेलाच्या जोरावर उचलायचं, तीन सांध्यांनी जोडायचं अन् नांगर किती खोल जाते त्यावर तेलानंच ताबा ठेवायचा, ही पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाची. १९३६ मध्ये त्याचा फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बाजारात आला. १९३९ मध्ये हेन्री फोर्डसोबत अमेरिकेत फोर्ड ९-एन आला, अन् १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत टीई-२० बनायला लागला. आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं जो थ्री-पॉइंट दिसते, तो त्याच घराण्याचा.

त्या रचनेत एक गोष्ट होती जी मला फार आवडली. फर्ग्युसनच्या पंपाचा वाल्व्ह तेल ओढायच्या बाजूला होता, ढकलायच्या बाजूला नाही. म्हणजे लिफ्ट उचलायची नसेल तेव्हा वाल्व्ह तोंड बंद करायचा, पंपाचे पिस्टन हलत राहायचे पण तेल ओढायचेच नाहीत. तेल पेटीत गप पडून. काम नाही तर फिरणं नाही, फिरणं नाही तर तापणं नाही. पंप गिअरबॉक्सच्या पेटीतच तेलात बुडालेला, अन् त्या पेटीचं जाड ओतीव लोखंड हाच त्याचा कूलर. वेगळा पंखा लावायची गरजच पडली नाही.

१९६० मध्ये मद्रासमध्ये टॅफे सुरू झाली अन् मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथंच बनायला लागले. हॅरी फर्ग्युसन वारला तेही त्याच साली. गावोगावच्या मॅसी १०३५ मध्ये तोच पोटातला पिस्टन पंप आहे, ओढायच्या बाजूनं आवळलेला. म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळालं: त्यांच्या मॅसीचं तेल बिनकामाचं फिरतच नव्हतं.

इथं जरा आडवं जातो, कारण गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. देशात पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला तो आयशरचा, २४ एप्रिल १९५९ ला, फरीदाबादहून. त्याच वर्षी ११ डिसेंबरला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. ते प्रदर्शन भरवण्यामागं केंद्रात कृषी खातं सांभाळणारे आपले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. परदेशातली शेतीची यंत्रं अन् भारतातला शेतकरी एवढ्या मोठ्या प्रमाणावर समोरासमोर आले ते तिथं. आजही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंजाबरावांच्या जयंतीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरते, अन् आपण लोडर, श्रेडर, फवारणीचे ब्लोअर हात लावून पाहतो, त्याची मुळं तिकडं जातात. माझा लोडर मी असाच एका प्रदर्शनात पाहून ठरवला होता. कूलर त्याच्यासोबत 'फ्री' होता. फ्रीच्या वस्तूबद्दल कोणी फारसं विचारत नाही, मीही नाही विचारलं.

अन् आयशरचं इंजिन कसलं होतं? हवेनं थंड होणारं. ना रेडिएटर ना पाणी, सिलिंडरला पाकळ्या अन् त्यांच्यावर हवा फेकणारा पंखा. खारपाणपट्ट्यात ही मोठी सोय, खाऱ्या पाण्याचा प्रश्नच मिटला. पण पाकळ्यांत धूळ अन् भुसा बसला की इंजिन तापणार, म्हणून जुने ड्रायव्हर संध्याकाळी पाकळ्या साफ करून मगच गाडी लावायचे. पंखा हा धूळ ओढणारा गडी आहे अन् त्याच्यासमोरची जाळी साफ नसेल तर तो फिरून उपयोग नाही, हे ज्ञान आपल्या भागात तेव्हापासूनचं. आपणच विसरलो.

पुढं एचएमटी झेटर आला (१९७१, पिंजोर), स्वराज ७२४ आला (१९७४, मोहाली), महिंद्राचा नागपूरचा कारखाना तर आपल्या दाराशीच. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत हळूहळू गिअर पंपाचं चलन वाढलं. दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात अन् तेल पुढं ढकलतात. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपा. फरक एवढाच की तो इंजिन चालू असेतोवर ढकलतच राहते. काम नसेल तर तेल वाल्व्हमधून मोकळं होऊन परत टाकीत. मोकळं जात असेल तोवर दाब नाही, म्हणून ताप नाही. पण त्या मोकळ्या वाटेत जरा जरी अडथळा आला तर पंप थांबत नाही, ढकलतो, अन् ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते.

किती ताप, याचा हिशेब शाळेच्या गणिताचा आहे. मिनिटाला किती लिटर गुणिले किती बार दाब, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. छोट्या ट्रॅक्टरचा पंप २० लिटर देतो अन् रिलीफ वाल्व्ह १५० बारला उघडते असं धरा. २० गुणिले १५० म्हणजे ३०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. घरातला पाणी तापवायचा गिझर २ किलोवॅटचा असते. म्हणजे लिव्हर ओढून धरलं अन् सिलिंडर शेवटाला टेकलेला असला तर तेलात अडीच गिझर चालू आहेत. १६ लिटर तेलाला हे मिनिटाला दहाएक अंशानं तापवू शकते. कागदावर. प्रत्यक्षात लोखंडी पेटी बरीच उष्णता पिऊन घेते, म्हणून सकाळी सातला कळत नाही अन् अकराला कळते. पेटीचं पोट भरते तोवर चार तास जातात.

नांगर, वखर, पेरणीयंत्र यांना हा त्रास नव्हता, कारण तिथं लिफ्टचं काम धुऱ्यावर दहा सेकंदांचं. तासाच्या शेवटी उचला, वळा, टेकवा. दहा सेकंद ताप, तीन मिनिटं आराम. ट्रॉली उलटायचं कामही तसंच. आपल्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक या हिशेबावर बांधलेलं आहे. मोठ्या ट्रॅक्टरात तेलही जास्त, पेटीही मोठी. मिनीत दोन्ही कमी.

मिनी ट्रॅक्टर आपल्या भागात रुजला तो गरजेतून. मूळ जपानचं हे वाण. कुबोटानं १९६० मध्ये टी-१५ काढला, कोरड्या शेतांसाठी. आपल्याकडं बंगळुरूच्या व्हीएसटीनं मित्सुबिशीच्या साथीनं शक्ती आणला, पुढं महिंद्राचा १५ एचपीचा युवराज आला, राजकोटकडचे छोटे ट्रॅक्टर आले. वरूड-मोर्शी, अचलपूर-चांदूरबाजारच्या संत्राबागांत फांद्यांखालून जायला, कपाशीच्या तीन फुटी ओळीत डवरणीला हाच चालते. बैलजोडी गेली त्या घरी हा आला. बैल काय काय करायचा ते सगळं त्याच्याकडून मागितलं, अन् वरून बैल जे करत नव्हता तेही.

तेलाचा कूलर अन् पंखा मात्र ट्रॅक्टरवाल्यांनी शोधलेला नाही. तो माती उकरणाऱ्या यंत्रांकडून आला. जेसीबी दिवसभर तेलावरच चालते, हात, बकेट, सगळं. एस्कॉर्ट्स-जेसीबीनं १९७९ मध्ये बल्लभगडला ते बनवायला सुरुवात केली. आपल्या भागात शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ते मोठ्या संख्येनं आलं शेततळ्यांच्या काळात. २०१६ ची 'मागेल त्याला शेततळे' योजना आठवा, रात्री लाइट लावून खोदकाम चालायचं. त्यांच्या कडेनं आपल्या मिस्तरींनी तेलाचा कूलर पहिल्यांदा उघडून पाहिला. दुसरी गोष्ट २०१७ ची, गुलाबी बोंडअळीची. त्यानंतर कपाशी वेळेत मोडा, पऱ्हाटी उभी ठेवू नका, बारीक करून जमिनीत घाला, असं खातं अन् विद्यापीठ दोघंही सांगायला लागले. श्रेडर आले. लोडर आले. हायड्रॉलिक मोटरवर फिरणारी औजारं आली. दहा सेकंदांचं काम दहा तासांचं झालं. तेव्हा दुकानदारांनी जेसीबीच्या कल्पनेचा छोटा अवतार, एक अॅल्युमिनियमची जाळी अन् गाडीच्या रेडिएटरचा १२ व्होल्टचा पंखा, मिनीच्या अंगावर आणून चिकटवला. कोणी रेडिएटरच्या पुढं, कोणी मागं, कोणी बाजूला. जागा मिळेल तिथं.

अन् इथं आपल्या उन्हाचा मुद्दा येते. कूलर किती उष्णता काढते ते तेल अन् बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. तेल ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं धरा, त्यापुढं सील कडक व्हायला लागतात अन् तेल लवकर म्हातारं होते. बाहेर २५ अंश असेल तर फरक ५५ चा. आपल्याकडं मे महिन्यात ४५ असते, फरक उरला ३५. तोच कूलर, तोच पंखा, काम मात्र दोन तृतीयांशाहून थोडं कमी. आणि कूलर रेडिएटरच्या मागं बसवला असेल तर त्याला मिळणारी हवा आधीच ६० च्या घरात. मग फरक २० चा, म्हणजे पंखा असून नसल्यासारखाच. थंड मुलखाचा हिशेब धरून दिलेला कूलर अकोल्यात कमी पडते तो म्हणून. ट्रॅक्टरच्या चाचणीतही हायड्रॉलिकची ताकद मोजताना तेल ६५ अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्या सातपुड्यापलीकडं नर्मदेकाठी बुदनीला, जिथं १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टर तपासले जातात. कागदावरचा उचलण्याचा आकडा त्या तेलाचा आहे, आपल्या अकरा वाजताच्या तेलाचा नाही. ४० अंशाला जे तेल जाडीत ६० च्या आसपास भरते तेच १०० अंशाला ९-१० भरते. माझी बकेट खाली आली ती या आकड्यांमुळं.

आता माझ्या पंख्याचं शेवटी काय निघालं ते सांगतो. शोधून दिलं अकोल्यातल्या कृषी अभियांत्रिकी शिकलेल्या एका पोरानं, अर्ध्या दिवसात, एक मीटर अन् कापसाचा एक पुंजका घेऊन.

सगळ्यात आधी त्यानं बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद, चावी खिशात, अन् बॅटरीची वायर काढली. म्हणाला, हा पंखा तापमानाच्या स्विचवर आहे, इंजिन बंद असलं तरी तेल गरम असेल तर स्वतःहून फिरते, बोटं घालू नका. ते मला माहीत नव्हतं. अन् तेलाची गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठ्यानं पाहायची. दाबातलं बारीक तेल कातडीतून आत जाते अन् वरून फक्त सुईचं टोचणं दिसते. तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट मोठा दवाखाना गाठायचा.

मग त्यानं माझा जुना, 'गेलेला' पंखा मागितला. दोन वायरी सरळ बॅटरीला लावल्या. पंखा भन्नाट फिरला. मी अन् मिस्तरी एकमेकांकडं पाहत राहिलो. पंखा कधीच गेला नव्हता. गेलं होतं ते आर्थिंग. पंख्याची काळी वायर चेसीला जिथं बोल्टनं आवळली होती तिथं हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. आम्ही ट्रॅक्टर धुतो ते विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं. मिस्तरीनं टेस्टरची क्लिप दुसरीकडं चांगल्या लोखंडाला लावली होती म्हणून बल्ब लागला. करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. क्लिप पंख्याच्याच काळ्या वायरवर लावली असती तर बल्ब लागला नसता अन् तिथंच कळलं असतं. मीटर असेल तर अजून सोपं: पंखा चालू स्थितीत पंख्याच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२ च्या वर अन् पंख्यावर ७-८ दिसलं तर पंखा सोडा, वायर, रिले अन् आर्थिंग पाहा. फ्यूज अन् तापमानाचा स्विच हे त्याच रांगेतले. स्विचच्या दोन वायरी क्षणभर जोडल्या अन् पंखा फिरला तर स्विच गेलेला.

मग नवा पंखा लावल्यावरही तेल काहून तापलं? पोरानं कापसाचा पुंजका कूलरच्या जाळीसमोर धरला. पुंजका जाळीला चिकटायला पाहिजे होता, तो उडून माझ्या तोंडावर आला. नव्या पंख्याला लाल वायरच नव्हती, निळी अन् काळी होती, अन् मिस्तरीनं अंदाजानं जोडल्या. पंखा उलटा फिरत होता. हे १२ व्होल्टचे पंखे वायरी बदलल्या की उलट्या दिशेनं बिनतक्रार फिरतात, आवाजही सारखाच. बाहेरची हवा जाळीतून आत ओढायच्या ऐवजी माझा पंखा इंजिनची गरम हवा जाळीवर फेकत होता. म्हणजे नवा पंखा तेल थंड करत नव्हता, शेकत होता. वीस दिवस.

वायरी बदलल्या. जाळी उघडली, तर आत पऱ्हाटीचा भुगा, कापसाचे तंतू अन् तेलाचा ओलावा मिळून नमद्यासारखा थर. तो हवेनं आतून बाहेर उडवला. बाहेरून आत मारला की भुगा अजून घट्ट बसते, अन् जोराच्या पाण्यानं पाकळ्या आडव्या होतात. मग कूलरच्या दोन्ही नळ्यांना थर्मामीटर लावलं. ते कोविडमध्ये कपाळावर धरायचे ते नाही चालत, ते माणसाच्या तापापुरतंच असते. येणारी नळी गरम अन् जाणारी त्याहून बरीच कमी गरम, तर कूलर काम करते. दोन्ही सारख्याच गरम असतील तर हवा मिळत नाही. अन् टाकीतलं तेल कढत पण जाळी गार असेल तर तेल कूलरमध्ये येतच नाही, बाजूच्या बायपास वाल्व्हमधून परस्पर पळून जाते. ही तिसरी गत माझी नव्हती, पण शेजारच्या गावी एकाची निघाली.

सगळं करून इंजिन चालू केलं, लोडरला हात न लावता नुसतं उभं ठेवलं. वीस मिनिटांनी तेल पुन्हा चढायला लागलं. पंखा सरळ, जाळी साफ, काम शून्य, तरी ताप. पोरगा वाकून लोडरच्या लिव्हरकडं पाहत राहिला. मग त्यानं लिव्हर बोटानं एक-दीड सूत मागं ढकललं. पंपाची ती बारीक शिट्टी एकदम थांबली.

लिव्हरची काडी मडगार्डच्या कडेला घासत होती अन् न्यूट्रलला पूर्ण परत येत नव्हती. स्पूल जरासा अर्धवट उघडा, मोकळी वाट चिंचोळी, अन् पंप दिवसभर त्या फटीतून तेल दाबत होता. पंखा लावला काय, नाही लावला काय, खाली चूल पेटलेलीच होती. मडगार्डची कड कानशीनं घासली, काडी मोकळी केली. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य.

त्या संध्याकाळी पाराजवळ म्हाताऱ्या बाबांना सांगितलं. तुमच्या मॅसीत काम नसलं की तेल ओढलंच जात नव्हतं, माझ्यात काम नसतानाही ढकललं जात होतं, म्हणून पंखा लागत होता. ते थोडा वेळ गप राहिले. मग म्हणाले, "बैल तरी बारा वाजता सोडत होतो आम्ही."

खरं आहे. वखरावर बैल असताना मे महिन्यात औत पहाटे जुंपायचं अन् ऊन चढलं की सोडायचं, निंबाच्या सावलीत, पाण्याच्या टाक्याजवळ. चारनंतर पुन्हा. ट्रॅक्टर भाड्यानं तासावर चालायला लागला अन् ती वेळ मोडली, कारण यंत्राला कोण सावली देते? गेल्या उन्हाळ्यापासून मी खताचं काम पहाटे पाच ते साडेदहा करतो, उरलेलं संध्याकाळी. तेलाला थर्मामीटर लावून पाहिलं, साडेदहाला ६८ वर असते. आर्थिंगचा बोल्ट दर महिन्याला घासून व्हॅसलिन लावतो, अन् ट्रॅक्टर धुवायला गोडं पाणी ड्रममध्ये वेगळं ठेवतो. बायको म्हणते, आम्हाला प्यायला टँकर अन् ट्रॅक्टरला आंघोळीला गोडं पाणी. तिचंही चूक नाही.

ज्या पंख्याला आम्ही मेलेला ठरवला होता तो कोंबड्यांच्या खुराड्यावर लावला आहे, जुन्या बॅटरीवर. यंदाच्या मे महिन्यातही फिरला.